आत्याचं जादा आतडं

माझी आत्या टॉवर क्रेन चालवते. मोठ्या इमारतीचं काम चालू असताना ती उंच पिवळी क्रेन दिसते ना, तिच्या मानेपाशी काचेची एक चिमुकली केबिन असते. आत्या तिथे बसते. दोन हातांत दोन दांडे, पायांखाली काच आणि काचेतून खाली मुंग्यांएवढी माणसं. साइटवर सगळे तिला 'घार' म्हणतात आणि हे नाव तिच्या फार आवडीचं आहे. नवा कुणी चुकून तिला बाई म्हणालाच, तर ती वॉकी-टॉकीवर सांगते की बाई खाली राहिली, वर घार आहे.

घरातलं तिचं नाव मात्र 'नाटकी'. ते आजीनं, म्हणजे तिच्या सख्ख्या आईनं ठेवलेलं. आत्या लहान असताना मधूनच पोट धरून बसायची. जेवता जेवता ताट सरकवायची, गुडघे छातीशी घ्यायची आणि भिंतीला टेकून डोळे मिटायची. कपाळावर घाम, ओठ पांढरे. आजी चुलीवरचं तसंच टाकून तिला घेऊन दवाखान्यात पळायची, आणि बाकावर नंबर लागेपर्यंत हिचं दुखणं गायब. नुसतं गायब नाही, ही तिथल्या वजनकाट्यावर उड्या मारत असायची. डॉक्टर पोट दाबून बघायचे आणि जंताचं औषध द्यायचे. एकदा तर ते हसून म्हणाले, परीक्षा जवळ आली वाटतं. त्या दिवशी आजीचा पारा जो चढला तो पुढे कधी पूर्ण उतरलाच नाही. माझे बाबा, आत्याचे मोठे भाऊ, पाहुण्यांसमोर तिची नक्कल करून दाखवायचे: पोट धरायचे, डोळे फिरवायचे आणि खाऊचं नाव काढलं की ताडकन उठायचे. लोक हसून हसून लोळायचे. आत्याही हसायची म्हणे. मग हळूहळू तिनं दुखतंय हे सांगायचंच सोडलं.

मोठी झाल्यावर तिनं त्या दुखण्याशी आपल्यापुरतं जमवून घेतलं. कधी महिनोन्महिने काही नाही, कधी आठवड्यात दोनदा. कळ आली की पुढे वाकायचं, उजव्या बाजूला मूठ दाबून धरायची, आणि ती ओसरेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. एका बांधकाम कंपनीत ती फोन घ्यायच्या कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत एकदा हट्टानं क्रेनवर चढून आली आणि त्या दिवसापासून तिला फोनचं टेबल कोंडवाडा वाटायला लागलं. शिकली, परीक्षा दिली, वर गेली. तोवर आजोबा गेले होते आणि आजी तिच्याकडे राहायला आली होती. दोघींचं भांडण रोज आणि एकमेकींवाचून पान हलत नाही, असा सगळा मामला.

आता त्या दिवसाची गोष्ट. ती मी मामाच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे, की आपण तिथेच होतो असं वाटतं. मामा म्हणजे कुणाचाच मामा नव्हे. तो खाली उभा राहून आत्याला इशारे देतो. साइटवर सगळेच त्याला मामा म्हणतात. सकाळची वेळ होती, वारा बरा होता, आणि हुकाला काँक्रीटचा एक तयार जिना टांगलेला होता. तो वरच्या मजल्यावर नेऊन ठेवायचा होता. जिना निम्म्या वाटेवर असताना वॉकी-टॉकीवर आत्याचा आवाज आला.

"मामा, मला जोराची कळ येतेय. जिना आधी ठेवते. तू फक्त सांगत राहा."

मामा म्हणतो, तिच्या आवाजात काही वेगळं नव्हतं, म्हणूनच तो घाबरला. त्यानं मजल्यावरची माणसं मागे हटवली आणि सांगायला लागला: डावीकडे, अजून हातभर, थांब, आता हळू, अजून वीतभर. वरून ती फक्त हं म्हणत होती. जिना इतका अलगद टेकला, की त्याखालचा सिमेंटचा मसालासुद्धा बाहेर सांडला नाही. मग तिनं हुक सोडवून घेतला, वर ओढला आणि क्रेनचा हात वाऱ्यावर मोकळा सोडला. काम थांबवताना तसं करायचंच असतं, नाहीतर वारा क्रेनला ढकलतो. हे सगळं झाल्यावर तिनं वॉकी-टॉकीत सांगितलं की आता मला उभं राहता येत नाही.

मामा वर चढला. त्यानं आपला सुरक्षेचा पट्टा तिच्या पट्ट्याला अडकवला, स्वतः शिडीवर तिच्या खाली राहिला आणि तिचा एकेक पाय हातानं धरून एकेका पायरीवर ठेवत उतरायला लागला. तिला बेशुद्ध पडू द्यायचं नाही म्हणून तो सतत बडबडत होता. आपल्या सुनेनं घरात किती मांजरं आणून ठेवलीत, त्यातलं कुठलं आपल्या उशीवर झोपतं, हे त्यानं इतकं सविस्तर सांगितलं, की अर्ध्या वाटेवर आत्या कण्हत म्हणाली, मामा, त्या मांजरापेक्षा माझं पोट बरं.

बाबा गावाला गेले होते, त्यामुळे हॉस्पिटलमध्ये पहिली पोचले मी. आत्या खाटेवर कुशीला वळून पडली होती. पोट टच्च फुगलेलं. एक तरुण डॉक्टर लिहून घेत होता. त्यानं विचारलं, पहिल्यांदा कधी दुखलं? आत्या म्हणाली, दुसरीत असताना. तिला भ्रम झालाय असं वाटून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बरोबर सांगतेय ती.

स्कॅन झाला, आणि मग सर्जनबाई आल्या. ठेंगण्या, झपाझप चालणाऱ्या, बोलताना समोरच्याचा हात धरायची सवय असलेल्या. त्यांचे डोळे चमकत होते, आणि पेशंटसमोर इतकं खूश दिसणं बरं नव्हे म्हणून त्या ते लपवायचा प्रयत्न करत होत्या. खाटेवर अंथरलेल्या कागदावरच त्यांनी पेनानं दोन नळ्या काढल्या, एकमेकींना चिकटलेल्या. म्हणाल्या, बाळ आईच्या पोटात असताना त्याचं आतडं घडत असतं. हजारोंत एखाद्याच्या बाबतीत त्यातला एक तुकडा दोनदा घडतो. मूळ आतडं असतंच, आणि त्याला लागून दुसरं, दोघांत एकच भिंत. तुमच्या पोटात तसं जादा आतडं आहे. त्याचं एक टोक बंद आहे. आत रस साठत राहतो, ते फुगतं, ताणतं, कळ येते. मग दुसऱ्या टोकानं ते रिकामं होतं आणि कळ थांबते. या वेळी मात्र ते रिकामं झालेलं नाही. फुगून त्यानं खऱ्या आतड्याची वाट दाबून टाकली आहे. ऑपरेशन आजच करावं लागेल.

आत्यानं खाटेचा दांडा धरला आणि कोपरावर उठायला लागली.

"ते परत सांगा."

"ऑपरेशनचं?"

"नाही. ते रिकामं होतं आणि थांबतं, ते."

बाईंनी परत सांगितलं. आत्यानं विचारलं, म्हणजे घरी कडकडून दुखेल आणि दवाखान्यात पोचेपर्यंत थांबेल, असं होऊ शकतं? बाई म्हणाल्या, सहज होऊ शकतं.

त्या वेळी तिचा चेहरा मी पाहिला. वेदनेनं काळवंडलेला होता आणि तरी त्यावर असा आनंद पसरत होता, की नर्ससुद्धा सुई हातात धरून थांबली. आत्या मला म्हणाली, दादाला फोन लाव, आत्ताच्या आत्ता. मी लावला. तिला धड श्वास घेता येत नव्हता, पण फोन तिनं स्वतःच धरला.

"दादा, माझ्या पोटात एक आतडं जादा आहे. जन्मापासून. मी नाटक करत नव्हते."

पलीकडून बाबा काहीबाही विचारत राहिले. त्यांना वाटलं, हिला भूल चढली आहे. फोन माझ्या हातात देऊन ती ऑपरेशनला गेली, आणि जाताना स्ट्रेचर ढकलणाऱ्या वॉर्डबॉयलाही सांगत गेली.

संध्याकाळ व्हायच्या आत सर्जनबाई बाहेर आल्या. जादा आतडं निघालं होतं. खऱ्या आतड्याशी त्याची भिंत एकच असल्यामुळे खऱ्याचाही थोडा तुकडा कापावा लागला आणि दोन टोकं जोडून टाकली. पुस्तकात पाहिलं होतं, पोटात पहिल्यांदाच पाहिलं, असं म्हणून त्या हसल्या. मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या की त्या जादा आतड्याच्या आत एक जागा हाताला कडक लागली. मटाराएवढी. तपासायला पाठवली आहे. बाबा तोवर येऊन पोचले होते, मी होते, आजी होती. आम्ही तिघांनी 'कडक' हा शब्द ऐकला आणि तिघांनीही ऐकला नाही असं दाखवलं.

पुढचे काही दिवस आत्यानं वॉर्ड डोक्यावर घेतला होता. टाके दुखत होते, नाकात नळी होती, पण तोंड चालू. शिकाऊ डॉक्टरांचे घोळके यायचे तेव्हा ती त्यांच्याकडून आधी उत्तरं काढून घ्यायची: सांगा, माझं दुखणं का थांबायचं? ज्याला आलं त्याला शाबासकी. मामा साइटवरच्या सगळ्यांना घेऊन आला आणि तिनं त्यांना कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. बाबा रोज यायचे, खुर्चीवर बसायचे, तिची नजर चुकवायचे. आजी पायाशी उभी राहून चादर सारखी करायची. सारखीच होती, तरी करायची.

मग एका दुपारी सर्जनबाईंनी आत येऊन दार लोटून घेतलं. त्या कडक जागी कॅन्सर होता.

आत्याचा हात माझ्या मनगटावर होता, तो एकदम घट्ट झाला, इतका, की नंतर मला तिथे बोटांचे वळ दिसले. बाई थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर आम्ही कोसळलो असतो हे त्यांना कळत असावं. जादा आतडं जन्मापासूनचं, कॅन्सर मात्र बऱ्याच वर्षांनी त्याच्या अस्तरात उगवलेला. असं आतडं मुळात दुर्मीळ, आणि त्यात कॅन्सर होणं तर इतकं दुर्मीळ, की त्यांच्या ओळखीच्या कुठल्याच डॉक्टरनं पाहिलेलं नव्हतं. पण तो लहान होता. भिंतीच्या आतच होता. कापलेल्या कडा स्वच्छ होत्या आणि आजूबाजूच्या लसिका ग्रंथींमध्ये काही सापडलं नव्हतं. पुढे औषध द्यायचं की नाही हे सगळे डॉक्टर बसून ठरवणार होते, कारण असे रुग्णच इतके थोडे, की कशाचा किती उपयोग होतो हे छातीठोकपणे सांगणारं कुणी नाही.

आत्यानं माझं मनगट सोडलं. मग तिनं विचारलं, ते फुगलं नसतं, दुखलं नसतं, तर? बाई म्हणाल्या, तर इतक्या लवकर कळलं नसतं.

"मग मला ते बघायचंय," आत्या म्हणाली. "माझं आहे ना? बघायचंय."

अशी मागणी बाईंकडे आधी कुणी केली नव्हती. दुसऱ्या कुणाला त्यांनी नकार दिला असता, हिला दिला नाही.

घरी सोडायच्या दिवशी आम्ही तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेलो: आत्या, मी आणि आजी. आजीला वर बसून राहा म्हटलं तर तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. तिथले डॉक्टर उंच, पाठीत वाकलेले, सुक्या बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवून काम करणारे गृहस्थ होते. त्यांची धांदल बघण्यासारखी होती. आमच्याकडे पेशंट येत नाहीत, त्यांचे तुकडे येतात, असं म्हणत त्यांनी स्वतःच्या रुमालानं तीन स्टुलं पुसली. कधी एकदा दाखवतो असं त्यांना झालं होतं. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला समोरासमोर बघायच्या दोन जागा होत्या, एकीकडे ते बसले आणि दुसरीकडे आत्या.

आत्या एकदम ओरडली नाही, पण तिचे खांदे वर झाले. गुलाबी आणि जांभळं, ती म्हणाली. अगं, केवढं सुंदर आहे. डॉक्टर काचपट्टी सरकवत सांगत गेले: हे तुमचं खरं आतडं. ही मधली भिंत, दोघांची मिळून एकच. आता भिंतीच्या पलीकडे या. बघा, पुन्हा तसंच अस्तर, तशाच रांगा. हे तुमचं दुसरं. आणि आता इथे बघा, रांगा विस्कटल्या, पेशी वाटेल तशा घुसल्यात. हा कॅन्सर. आत्यानं श्वास रोखला होता. मग ते म्हणाले, आता मी पुढे सरकतो, बघत राहा. विस्कटलेलं संपलं. पुन्हा रांगा सुरू झाल्या. इथपर्यंतच होता तो. इथून पुढे काही नाही. आत्या म्हणाली, अजून पुढे न्या. त्यांनी नेलं. अजून. अगदी काठापर्यंत नेलं. काही नव्हतं. तेव्हा तिनं श्वास सोडला आणि डॉक्टरांच्या हातावर टाळी दिली. त्यांनीही ती घेतली आणि लाजले.

मग आजी पुढे झाली. चष्मा काढून तिनं डोळा लावला. तिला नीट दिसेपर्यंत डॉक्टरांनी दोनदा चक्र फिरवलं. ती खूप वेळ बघत होती. वर न बघताच तिनं विचारलं, हे जन्मापासूनचं? डॉक्टर म्हणाले, जन्माच्या आधीपासूनचं, आजी. माझ्या पोटात होती तेव्हाचं? हो. माझ्या हातून काही झालं का? नाही, ते म्हणाले, कुणाच्याच हातून काही झालेलं नाही, घडताना तसं घडतं.

आजी स्टुलावर तशीच वळली. आत्या अजून खुशीत होती, काठ कसा स्वच्छ आहे ते मला सांगत होती.

"खूप दुखायचं का गं?" आजीनं विचारलं.

काठाचं सांगता सांगता आत्या आजीकडे वळली.

"हो आई. खूप."

आजीनं मान हलवली. चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला आणि डॉक्टरांना म्हणाली, परत दाखवा, पहिल्यापासून. आणि त्या गृहस्थांनी सगळं पहिल्यापासून दाखवलं. आजीनं मध्ये मध्ये प्रश्न विचारले, आत्यानं डॉक्टरांच्या आधी उत्तरं दिली, आणि बाहेर पडलो तेव्हा दोघी काचपट्टीवरचा जांभळा रंग मुळातला की मागाहून लावलेला, यावरून भांडत होत्या.

डॉक्टरांची बैठक झाली. आणखी एका मोठ्या हॉस्पिटलचंही मत घेतलं. औषधं नकोत, ठरावीक काळानं तपासण्या करत राहू, असं ठरलं. त्यानंतर बाबांनी जे केलं ते मला अजून आठवतं. ज्या ज्या नातेवाइकांसमोर त्यांनी ती नक्कल केली होती त्या सगळ्यांना त्यांनी फोन केले. सकाळी सुरुवात केली, दुपारी जेवले, पुन्हा बसले. प्रत्येकाला दोन नळ्यांची गोष्ट, रिकामं होण्यासकट. एका चुलतकाकूंना ते म्हणाले, नाही काकू, ती नाही, नाटकी मी होतो. आत्या पलीकडच्या खोलीत ऐकत होती आणि पोटावर उशी दाबून हसत होती, कारण हसलं की टाके ओढत.

काही महिन्यांनी सर्जनबाईंनी तरुण डॉक्टरांच्या एका सभेत या केसची माहिती दिली आणि आत्याला बोलायला बोलावलं. उतरत्या बाकांचा मोठा हॉल, पडद्यावर तिचंच आतडं. ती एरवी आकाशात एकटी बसणारी. इतक्या माणसांसमोर तिचे गाल लाल झाले होते. थोडकंच बोलली. म्हणाली, मूल तुमच्यापुढे येईल तेव्हा ते हसत असेल. त्याला खोटं ठरवू नका. त्याच्या आईला विचारा, घरी ते कसं बसलं होतं. माझी आई मला दर वेळी पळत घेऊन आली होती. तिला कुणी विचारलंच नाही. पहिल्या बाकावर बसलेल्या आजीनं हे ऐकून मान खाली घातली आणि शेजारच्या अनोळखी डॉक्टरचा हात धरला. त्यानं तो धरू दिला.

आत्या आता पुन्हा वर जाते. परवा तिची तपासणी होती आणि निकाल ऐकायला आम्ही दोघी गेलो होतो. सर्जनबाईंनी पडद्यावर सगळं फिरवून दाखवलं आणि म्हणाल्या, कुठेच काही नाही. आत्यानं त्यांना मिठी मारली, मग मला मारली, मग पाणी द्यायला आलेल्या माणसालाही मारली. लिफ्टची वाट बघायला ती तयार नव्हती, जिन्यावरून धावत सुटली. मी लिफ्टनं खाली पोचेपर्यंत ती रस्त्यावर उभी राहून समोरच्या अर्धवट इमारतीवरच्या क्रेनकडे बघत होती. डोळ्यांवर हात धरून, मान मागे टाकून. मी म्हटलं, घरी फोन करूया, सगळे वाट बघतायत. ती म्हणाली, एक मिनिट थांब, हा वरचा माणूस भार फार झुलवतोय, जरा बघू दे कसा ठेवतो ते.